पडद्यावरचे विटलेले रंग

परभणी जिल्ह्यांतील सेलू हें गांव मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. कापसाची पेठ म्हणून त्याची ओळख जुनी. कापसाशीं ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, त्यांना पक्का रंग कोणता व कच्चा कोणता हें निराळें शिकवावें लागत नाहीं. लुगडें दोन धुण्यांत विटलें म्हणजे त्याचा रंग पाण्याबरोबर गेला, आणि गेलेला रंग परत येत नाहीं, हा तेथील घराघरांतला अनुभव. अशा गांवच्या एखाद्या गृहस्थापुढें चाळीस वर्षांपूर्वींचा गृहसंगणक मांडला, तो दूरदर्शनच्या संचास जोडला, आणि पडद्यावर तांबड्याच्या जागीं मळकट विटकरी व पिवळ्याच्या जागीं ताकासारखा पांढुरका रंग उमटला, तर तो सहजच म्हणेल, “यंत्र जुनें झालें, रंग उडाला.” अनुमान स्वाभाविक आहे, परंतु तें बहुधा चुकीचें असतें. कापडाचा रंग उडतो. पडद्याचा रंग मात्र चुकतो. आणि जें चुकलें तें शोधून सुधारतां येतें. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें चांगलीं यंत्रें अडगळींत जातात. म्हणून हा रंग कोठून येतो व कसा हरवतो, याचा इतिहास थोडक्यांत पाहणें इष्ट आहे.

पांढऱ्या उजेडांत सर्व रंग सामावलेले असतात, हें इंग्लंडांत न्यूटननें सतराव्या शतकांत लोलकाच्या साहाय्यानें दाखविलें. पुढें १८६१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें लंडन येथें तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून घेतलेलीं तीन छायाचित्रें एकाच पडद्यावर एकावर एक पाडून रंगीत चित्र उभें केलें. रंगीत दूरदर्शनची सारी इमारत या तीन रंगांच्या पायावर उभी राहिली. संचाच्या कांचेच्या नळीला आंतून तीन प्रकारच्या चमकणाऱ्या द्रव्यांचे सूक्ष्म ठिपके दिलेले असत. त्यांवर तीन विद्युत्‌-झोत पडत, आणि झोताच्या जोराप्रमाणें ठिपका कमीअधिक उजळे. पिवळा ठिपका तेथें नव्हताच. तांबडा व हिरवा शेजारीं-शेजारीं उजळले, म्हणजे पाहणाराचा डोळाच त्यांस पिवळा म्हणे. तेव्हां पडद्यावर पिवळ्या रंगाची सांठवण नसते. तो दर क्षणीं नव्यानें घडतो.

आतां हा हिशोब दूर अंतरावरून पाठवावयाचा कसा? अमेरिकेंत १९५३ सालीं रंगीत प्रक्षेपणाची पद्धति मुक्रर झाली, तेव्हां लक्षावधि घरांत काळे-पांढरे संच आधींच होते. ते निरुपयोगी होऊं नयेत म्हणून शास्त्रज्ञांनीं एक युक्ति योजिली. चित्राचा उजेड पूर्वींप्रमाणेंच पाठवावयाचा, आणि रंगाची माहिती एका निराळ्या सूक्ष्म लहरीवर लादून त्याच्याबरोबर सोडावयाची. काळ्या-पांढऱ्या संचानें उजेड तेवढा घ्यावा, रंगीत संचानें दोन्ही घ्यावीं.

या लहरीचें मर्म गाण्याच्या बैठकींत बसणारास लवकर कळेल. गवयाचा पंचम हा पंचम ठरतो तो तंबोऱ्याच्या षड्जामुळें. षड्जच ढळला, तर गवई निर्दोष असूनही गाणें बेसूर होतें. दूरदर्शनच्या चित्रांतील प्रत्येक ओळीच्या आरंभीं असाच एक षड्ज लावलेला असतो. लहरीचीं कांहीं आंदोलनें केवळ नमुन्यादाखल पाठविलेलीं असतात. पुढें येणारी लहर या नमुन्याहून किती मागें-पुढें आहे, यावरून रंग कोणता हें ठरतें. ती किती जोराची आहे, यावरून तो गडद कीं फिका हें ठरतें. म्हणजे तांबडा, हिरवा किंवा निळा ही येथें वस्तु नसून एक अंतर आहे, आणि तें अंतर सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म भागांत मोजावें लागतें.

अमेरिकन पद्धतींत वाटेंत हें अंतर थोडें बदललें, तरी रंगाची जातच बदलत असे. गोरा चेहरा हिरवट, नाहीं तर जांभळट दिसे. या दोषावर जर्मनींतील टेलिफुंकेन कंपनीचे वाल्टर ब्रूख यांनीं तोडगा काढला आणि १९६३ सालीं आपली ‘पाल’ पद्धति युरोपांतील तज्ज्ञांपुढें ठेविली. तींत रंगाच्या माहितीचा एक भाग एका ओळींत सुलट व पुढच्या ओळींत उलट पाठविला जातो. त्यामुळें वाटेंत शिरलेली चूक एका ओळींत एका बाजूस व दुसरींत विरुद्ध बाजूस पडते. संच त्या दोन ओळींची सरासरी घेतो आणि चूक परस्पर कापली जाते.

परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. या कापाकापींत रंगाची जात टिकते, पण त्याचा जोर घटतो. चूक १० अंशांची असेल, तर घट शेंकडा दोनहूनही कमी भरते व ती डोळ्यांस कळत नाहीं. चूक ३० अंशांवर गेली कीं घट शेंकडा १३ च्या घरांत जाते, आणि ६० अंशांवर रंग निम्माच उरतो. ‘पाल’ संचावरील फिका रंग हा पुष्कळदां अशा लपलेल्या चुकीची खूण असतो. रंगाचें मान कोठें तरी ढळलें आहे, आणि संच ती चूक झांकण्यासाठीं रंगाचा जोर खर्ची घालीत आहे, असा त्याचा अर्थ.

हिंदुस्थानानें हीच पद्धति पत्करिली. १५ ऑगस्ट १९८२ रोजीं रंगीत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांनीं तो घरोघर पोंचविला. पुढें लहान प्रक्षेपणकेंद्रें झपाट्यानें वाढलीं, तरी केंद्रापासून दूर असलेल्या गांवीं उंच बांबूवर किंवा लोखंडी नळीवर अँटेना चढविल्याशिवाय चित्र धड येत नसे. त्या काळच्या लोकांस एक गोष्ट आठवत असेल. वारा सुटून अँटेना थोडी फिरली, कीं चित्र रहात असे, पण रंग एकदम नाहींसा होत असे. संच बिघडला म्हणून मंडळी चिंतेंत पडत. वस्तुतः संच शहाणपणानेंच वागत होता. नमुन्याची लहर क्षीण झाली म्हणजे चुकीचा रंग दाखविण्यापेक्षां रंग मुळींच न दाखविणें बरें, अशी योजना त्याच्या पोटांत मुद्दाम केलेली होती. रंग फिका पडणें आणि रंग पार नाहींसा होणें हीं दोन निराळीं लक्षणें आहेत, हा पहिला धडा येथेंच मिळतो.

याच सुमारास गृहसंगणक अवतरला. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें २३ एप्रिल १९८२ रोजीं ‘झेड्‌एक्स स्पेक्ट्रम’ हें यंत्र बाजारांत आणलें. लहान प्रतीची किंमत १२५ पौंड व मोठीची १७५ पौंड होती. स्वतःचा पडदा त्याला नव्हता. घरांतील दूरदर्शनचा संच हाच त्याचा पडदा. केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीनें त्याच्या आदल्या वर्षीं ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक काढला होता. भारत सरकारनें १९८४-८५ सालीं शाळांतून संगणकाची ओळख करून देण्याची ‘क्लास’ नांवाची योजना सुमारें २५० शाळांत आरंभिली, ती याच यंत्रावर. नोव्हेंबर १९८४ मध्यें संगणकविषयक सरकारी धोरण सैल झालें, आणि १९८६ सालीं पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें सिंक्लेअरच्या परवान्यानें ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हें यंत्र काढलें. महाराष्ट्रांतील कित्येक मध्यमवर्गीय घरांत मुलांनीं पहिली आज्ञावली लिहिली, ती अशा यंत्रावर, आणि तीहि घरांतील मोठ्या माणसांच्या बातम्या संपल्यावर.

या यंत्रांत रंग कसा तयार होतो, हें समजलें म्हणजे तो कां विटतो हें आपोआप समजतें. स्पेक्ट्रमच्या पोटांत फेरांटी कंपनीचा एक मुख्य तुकडा असे. तो चित्राचा उजेड व रंगाचे दोन हिशोब वेगवेगळे काढून देई. ‘एलएम १८८९’ नांवाचा दुसरा तुकडा ते हिशोब रंगाच्या लहरीवर चढवी. ही लहर निर्माण करण्यास क्वार्ट्झचा एक स्फटिक बसविलेला असे, आणि त्यानें सेकंदास ४४,३३,६१८.७५ आंदोलनें करावीं अशी अपेक्षा होती. शेवटीं एका पत्र्याच्या डबीत हें सर्व एकत्र होऊन दूरदर्शनच्या संचाकडे जात असे. यंत्रास बाहेरून ९ व्होल्टांचा पुरवठा मिळे. परंतु रंग चढविणाऱ्या तुकड्यास १२ व्होल्ट लागत. ते दोन लहान ट्रान्झिस्टर व एक वेटोळें यांच्या साहाय्यानें आंतल्या आंत तयार होत. मुख्य तुकडा, रंगाचा तुकडा, स्फटिक, वीजपुरवठा, डबी, तार आणि संच अशी ही सांखळी आहे. डोळ्यांस दिसतें तें मात्र तिचें शेवटचें टोंक.

म्हणून परीक्षा उलट्या क्रमानें, बाहेरून आंत करीत जावी. स्पेक्ट्रमच्या कर्त्यांनीं यासाठीं एक उत्तम सोय नकळत करून ठेविली आहे. त्याच्या रंगांस ० पासून ७ पर्यंत अंक आहेत: काळा, निळा, तांबडा, जांभळट किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा व पांढरा. हा क्रम उजेडाच्या चढत्या श्रेणीचा आहे. पांढऱ्याचा उजेड १०० मानला, तर निळ्याचा सुमारें ११, तांबड्याचा ३० व हिरव्याचा ५९ भरतो, आणि बाकीचे रंग यांच्या बेरजेनें होतात. हे आठ रंग पट्ट्यांनीं पडद्यावर काढावे आणि संचाची रंगाची कळ शून्यावर न्यावी. पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखी छटांचा जिना दिसला पाहिजे. पायऱ्या स्पष्ट असतील तर उजेडाचा मार्ग निर्दोष आहे व दोष केवळ रंगाच्या लहरींत आहे. जिनाच मोडका दिसला, तर रंगाच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं. एका कळीच्या फिरकीनें अर्धा शोध संपतो.

त्यानंतर संच तपासावा. तोच संगणक दुसऱ्या संचास जोडून पाहिला, तर दोष कोणाचा याचा निवाडा घरच्या घरीं होतो. जुन्या नळीच्या संचांत तीन झोतांपैकीं एखादा थकलेला असतो. तांबडा झोत थकला, कीं पांढरी जागा निळसर-हिरवट दिसते आणि सर्व चित्र आजारी भासतें. पडद्याच्या एकाच कोपऱ्यांत रंगाचा डाग दिसत असेल, तर जवळ ठेवलेल्या ध्वनिवर्धकाच्या चुंबकाचा तो प्रताप असतो. चुंबक हलवावा आणि संचाचें चुंबकत्व काढून घ्यावें, म्हणजे डाग जातो. नव्या चपट्या पडद्यांपैकीं कांहींना या जुन्या यंत्रांची किंचित् अनियमित लहर ओळखतांच येत नाहीं, व तेथें निर्दोष संगणकाचेंहि चित्र बिनरंगी दिसतें. बीबीसी मायक्रोची तर गंमत अशी कीं, त्याच्या एका जोडणीतून मुळांतच काळें-पांढरें चित्र बाहेर पडे. आंतील एक सांधा जोडला तरच तेथून रंग मिळे. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाहीं, तो नसलेला दोष महिनोन्‌महिने शोधीत बसतो.

संच निर्दोष ठरला, तर तार व तिचीं टोंकें पहावीं. पावसाळ्याच्या दमट हवेंत पितळी टोंकांवर गंज चढतो, आणि उजेडाच्या मानानें रंगाची वेगवान लहर अशा सांध्यांत लवकर क्षीण होते. पुष्कळ यंत्रांचे रंग केवळ टोंकें पुसल्यानें परत आले आहेत.

पुढें वीजपुरवठा. ९ व ५ व्होल्टांचा पुरवठा जागच्या जागीं असूनहि रंगाच्या तुकड्याचे १२ व्होल्ट कमी भरत असतील किंवा स्थिर नसतील, तर चित्र शाबूत राहून रंग मात्र थरथरतात व फिके पडतात. याचें नेहमींचें कारण म्हणजे सुकलेले कंडेन्सर. या लहान डब्यांत ओलें रसायन भरलेलें असतें. उष्णतेनें तें हळूहळू आटतें, आणि उष्णता १० अंशांनीं वाढली, कीं त्यांचें आयुष्य साधारण निम्म्यानें घटतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या यंत्राचे कंडेन्सर प्रथम संशयास्पद मानावे, हें सांगणें नलगे. ते बदलणें हें बेताच्या खर्चाचें व डाख देण्याची संवय असलेल्या कोणाहि कारागिराच्या हातचें काम आहे.

इतक्यानेंहि काम भागलें नाहीं, तरच स्फटिकाकडे वळावें. त्याच्या जवळ एक लहान फिरकी असते. तिच्यायोगें आंदोलनांची संख्या किंचित् कमीजास्त करतां येते. संख्या थोडी ढळली, तर संच तिच्याशीं जुळवून घेतो. फार ढळली, तर तो रंग पार बंद करतो, अँटेना फिरली असतां करीत असे तसाच. स्पेक्ट्रमच्या सुरुवातीच्या बोर्डांवर आणखी दोन फिरक्या आहेत. पांढऱ्या जागेवर कोणत्याहि रंगाची छटा राहूं नये, एवढ्यासाठींच त्या आहेत. फिरकी हलविण्यापूर्वीं तिची मूळ जागा शाईनें आंखून ठेवावी, धातूचा नव्हे तर प्लास्टिकचा पेचकस वापरावा, आणि एका वेळीं एकच फिरकी फिरवावी. मुख्य तुकडा नादुरुस्त आहे हा निष्कर्ष सर्वांच्या शेवटीं काढावा. कारण तो बदलून मिळणें कठीण. नळीचा रंगीत संच मात्र माहितगाराखेरीज कोणीहि उघडूं नये. वीज बंद केल्यावरहि त्याच्या नळींत हजारों व्होल्टांचा दाब कांहीं काळ टिकून राहतो, आणि तो जीवावर बेतूं शकतो.

घाईचा उपाय किती महागांत पडतो, याचें एक मोठें उदाहरण मराठवाड्याच्याच इतिहासांत आहे. अजिंठ्याचीं लेणीं तेव्हां सेलूप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होतीं. तेथील भित्तिचित्रें जपण्यासाठीं निजाम सरकारनें १९२० सालीं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांस बोलाविलें. त्यांनीं सुटलेले पापुद्रे भिंतीस चिकटविले, ही त्यांची सेवा थोर होय. परंतु रंग उजळ दिसावे म्हणून चित्रांवर लाखेचें रोगण दिलें गेलें. प्रथम चित्रें खुललीं. पुढें तेंच रोगण पिवळें पडून काळवंडलें, आणि तें काढतां काढतां पुढच्या पिढीच्या तज्ज्ञांस वर्षें घालवावीं लागलीं. तेथें खालचा रंग पुष्कळ ठिकाणीं शाबूत होता. त्याच्यावर चढविलेला उपायच आड आला होता.

गृहसंगणकाची व अजिंठ्याची बरोबरी कोणी करणार नाहीं. तरी हाताळणाराच्या चुकीची जात एकच आहे. रंग फिका दिसतांच जो दिसेल ती फिरकी पिळतो, तो एका दोषाचे चार करतो. मग मूळचा कोणता व मागाहून आलेला कोणता, हें कोणासच सांगतां येत नाहीं, आणि किरकोळ कंडेन्सरापायीं अख्खें यंत्र भंगारांत जातें.

या यंत्रांचें मोल त्यांच्या शक्तींत नाहीं. ज्या पिढीनें महाराष्ट्रांत प्रथम संगणकास हात लावला, तिच्या पहिल्या पाट्या तीं आहेत. त्यांचा पडदा कसा दिसत असे, हें पुस्तकांतील वर्णनानें कळावयाचें नाहीं. त्यासाठीं एखादें यंत्र मूळ रंगांत चालतें राहिलें पाहिजे. सेलूस असो कीं पुण्यास, कोणाच्या माळ्यावर असें एखादें यंत्र फडक्यांत गुंडाळलेलें असेल, तर त्यांत रंगाची सांठवण नाहीं व म्हणून ती संपलेलीहि नाहीं, हें त्या घरानें ध्यानांत ठेवावें. लुगड्याचा गेलेला रंग परत येत नाहीं. षड्ज ढळलेला तंबोरा मात्र पुन्हां लावतां येतो. खुंटी कोणती पिळावयाची हें आधीं ऐकून ठरवावें लागतें, इतकेंच.